बलुतं, बक्षिशी आणि मजुरी

दारात जेवण घेऊन आलेल्या मुलाला वरचे दहा-वीस रुपये द्यावेत की देऊ नयेत, हा प्रश्न अलीकडे सुशिक्षित घरांत बराच चर्चिला जातो. देणारा स्वतःला उदार समजतो. न देणारा म्हणतो, डिलिव्हरीचे पैसे कंपनीने आधीच घेतले आहेत, पुन्हा कशाला? दोघे एकमेकांशी भांडतात, पण दोघांचे एक गृहीत समान असते. हा प्रश्न देणाऱ्याच्या मनाचा आहे, असे दोघेही धरून चालतात. या गृहीताचीच तपासणी करावी म्हणून हा लेख लिहीत आहे. आपल्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्याच्या मनावर पोट भरले आहे. त्या जगण्याची चव काय असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मी महाडला शिकवतो. इथली औद्योगिक वसाहत सावित्रीच्या खोऱ्यात आहे. रासायनिक कारखाने, तीन पाळ्या आणि कंत्राटदाराच्या हजेरीवर चालणारी माणसे. बिरवाडी-नांगलवाडीच्या बाजूला भाड्याच्या खोलीत चार-चार जण राहतात आणि मेसच्या डब्यावर जगतात. डबा कंपनीच्या गेटापर्यंत जातो, पोचवणारा मुलगा गेटाबाहेर थांबतो. माझ्या वर्गातली काही मुले सकाळचे डबे टाकून पहिल्या तासाला येऊन बसतात. पदवी हातात पडली की त्यांतली काही एसटीने पुण्या-मुंबईला जातात, हप्त्यावर दुचाकी उचलतात आणि झोमॅटो किंवा स्विगीची पिशवी पाठीला लावतात. ही मुले घराण्यातली पहिली पदवीधर असतात. मीही माझ्या घरातला पहिलाच. म्हणून त्यांच्या कमाईचा हिशेब मला परका वाटत नाही.

मेसच्या डब्यात आणि ॲपच्या ऑर्डरीत एक मोठा फरक आहे. मेसवाला पोराला महिन्याचे ठरावीक पैसे देतो किंवा डब्यामागे दर ठरवतो. पैसे थोडे असतात, थकतातही. पण देणारा कोण हे पोराला ठाऊक असते. त्याच्यासमोर उभे राहून भांडता येते. ॲपच्या धंद्यात मालक दिसत नाही. दर किती, का कमी झाला, कुणी कमी केला, हे विचारायला समोर माणूसच नसतो. कागदोपत्री तर मालकच नाही. मुलगा कामगार नसून 'पार्टनर' आहे, म्हणजे भागीदार. ज्या भागीदाराला धंद्याची वही कधी पाहायला मिळत नाही, असा हा भागीदार.

ती वही आपणच थोडी उघडू या. ग्राहकाच्या मोबाइलवर जे बिल येते, त्यात साधारणपणे इतक्या ओळी असतात : पदार्थाची किंमत, पॅकिंगचा आकार, डिलिव्हरी फी, प्लॅटफॉर्म फी, जीएसटी आणि शेवटी टीप. पदार्थाची किंमत हॉटेलची; त्यातून कंपनी आपले कमिशन कापून घेते. पॅकिंगचे पैसे हॉटेलचे. प्लॅटफॉर्म फी कंपनीची. ती २०२३ साली ऑर्डरीमागे दोन रुपये म्हणून सुरू झाली आणि २०२५ पर्यंत दहा रुपयांच्या पुढे गेली. जीएसटी सरकारचा : पदार्थावर ५ टक्के, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून डिलिव्हरी फीवर १८ टक्के.

राहिली डिलिव्हरी फी. ग्राहक समजतो, ही त्या मुलाची मजुरी. तसे नाही. मुलाला फेरीमागे काय मिळायचे ते ॲप वेगळ्या हिशेबाने ठरवते : अंतर किती, वेळ किती लागेल, पाऊस आहे का, गर्दीची वेळ आहे का, आठवड्याच्या इन्सेंटिव्हचा आकडा गाठला का. ग्राहकाला 'डिलिव्हरी मोफत' असली तरी मुलाला फेरीचे पैसे मिळतात, आणि ग्राहकाची फी वाढली म्हणून मुलाचे पैसे वाढतीलच असे नाही. दोन्ही आकडे एकाच रस्त्याबद्दलचे आहेत, पण ते एकमेकांना बांधलेले नाहीत.

याच फीवरून सरकार आणि कंपनी यांच्यात एक वाद झाला, तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. डिलिव्हरी फीवर कर का भरला नाही, अशी नोटीस झोमॅटोला २०२३ च्या डिसेंबरात आली. कंपनीची भूमिका अशी की ही फी आम्ही डिलिव्हरी पार्टनरांच्या वतीने गोळा करतो, सेवा ते देतात, आम्ही नाही. २०२४ च्या डिसेंबरात ठाण्याच्या जीएसटी कार्यालयाने सुमारे ८०३ कोटी रुपयांची मागणी काढली. त्यात निम्मा कर आणि निम्मा दंड. कायद्याच्या दृष्टीने कोण बरोबर, ते न्यायाधिकरणे ठरवोत. आपल्यापुरता प्रश्न निराळा आहे. करवसुली अधिकाऱ्यापुढे जी फी मुलाची असते, ती मुलाने मागितली तर त्याची असते काय? सबंध बिलात मुलाच्या नावाची अशी एकच ओळ उरते, टीप. त्याची मजुरी बिलावर कुठेही लिहिलेली नसते. टीप द्यावी की देऊ नये, हा प्रश्न आपल्या मनात उगवतो तो या मांडणीमुळे. मजुरी झाकून ठेवली आणि बक्षिशी दाखवली, म्हणजे माणूस बक्षिशीबद्दलच बोलणार.

आता कमाईचे आकडे. २५ डिसेंबर २०२५ आणि ३१ डिसेंबर २०२५ या दोन दिवशी डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांनी संपाची हाक दिली. पंचवीस डिसेंबर हा महाडच्या मनुस्मृतिदहनाचा दिवस. संप करणाऱ्यांनी तो त्यासाठी निवडला नव्हता. नाताळात ऑर्डरी जास्त असतात म्हणून निवडला. संपानंतर, जानेवारी २०२६ मध्ये, झोमॅटोच्या तेव्हाच्या प्रमुखांनी काही आकडे जाहीर केले. ते कंपनीचेच आकडे आहेत, म्हणून कामगारांच्या बाजूने फुगवलेले नाहीत एवढे नक्की. २०२५ साली रायडरची सरासरी कमाई, टीप सोडून, तासाला १०२ रुपये. आधीच्या वर्षी ९२ होती. रोज दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस काम केले तर महिन्याला सुमारे साडेसव्वीस हजार. पेट्रोल आणि गाडीची देखभाल यांसाठी वीस टक्के वजा केले की सुमारे एकवीस हजार हातात. टीप तासाला सरासरी २ रुपये ६० पैसे. सुमारे पाच टक्के ऑर्डरींवरच लोक टीप देतात; ती पूर्ण मुलाला मिळते, असे कंपनीचे म्हणणे.

हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. दहा तास गुणिले सव्वीस दिवस म्हणजे २६० तास. तासाला २ रुपये ६० पैशांप्रमाणे महिन्याची टीप झाली ६७६ रुपये. महिनाभराच्या उदारतेची बेरीज ही एवढी. गाडीचा एक मागचा टायरही तेवढ्यात येणार नाही. ज्या गोष्टीवर सुशिक्षित घरांत वाद घातला जातो, ती मुलाच्या कमाईच्या जेमतेम चाळिसाव्या हिश्श्याइतकी भरते.

एकवीस हजारांतून मात्र अजून बरेच जायचे असते. गाडीचा हप्ता त्या वीस टक्क्यांत धरलेला नाही. विमा, मोबाइलचा खर्च, पुण्यात कॉट बेसिसवर राहण्याचे भाडे, गावाकडे पाठवायचे पैसे. गाडी घसरली तर जे दिवस अंथरुणात जातील, त्यांचे काहीच नाही. कारखान्यात यंत्र मालकाचे असते आणि ते बिघडले तर भुर्दंड मालकाला. इथे यंत्र म्हणजे दुचाकी आणि मुलाचे शरीर, दोन्ही मुलाची. 'भागीदारी' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ असा, की जोखीम खाली आणि भाव ठरवण्याचा अधिकार वर. सरासरी रायडर वर्षात फक्त ३८ दिवस काम करतो, असेही कंपनीने सांगितले. म्हणजे हे जोडधंद्याचे काम आहे, असा त्याचा रोख. पण सरासरीत आठवडाभर करून सोडून गेलेलेही मोजले जातात. इतकी माणसे येतात आणि टिकत नाहीत, हाही त्या आकड्याचा एक अर्थ आहे. ज्याच्यावर घर चालते, त्याला सोडून जाण्याची चैन नसते.

इथे मला बलुत्याकडे वळावे लागते. गावगाड्यात महाराचे एक काम निरोप्याचे होते. मयताची खबर परगावी पोचवायची, सरकारी टपाल आणि वसूल न्यायचा, अंमलदाराची गाडी आली की पुढे धावायचे. तो काळाचा पायी चालणारा डिलिव्हरीवाला होता. या कामाचा मोबदला म्हणजे सुगीला मिळणारे बलुते आणि वेसकराच्या पाळीची घरोघर मागून आणलेली भाकरी. माझ्या पणजोबांनी ती पाळी केली. घरात त्या काळच्या गोष्टी निघत तेव्हा भाकरी किती मिळाली हे कुणी सांगत नसे. कोणत्या दारात किती वेळ उभे राहावे लागले, हे मात्र सांगत. बलुत्यातला अपमान केवळ मापाचा नव्हता. काम बांधलेले आणि मोबदला मोकळा, हे त्यातले मूळ दुखणे होते. काम नाकारता येत नव्हते, देणे मात्र नाकारता येत होते.

बाबासाहेबांनी या व्यवस्थेवर घाव घातला तो नेमका याच जागी. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत शिळे-उष्टे तुकडे मागणे सोडा, असे त्यांनी सांगितले. त्यापुढच्या वर्षी, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. त्यांची मांडणी अशी : महार नोकर सरकारचा, आणि त्याचे पोट मात्र रयतेच्या मर्जीवर; चोवीस तासांत केव्हाही बोलावणे येणार, तो घरी नसला तर घरच्या माणसाने जायचे. उपाय त्यांनी सुचवला तोही लक्षात घेण्यासारखा आहे. लोकांनी महाराला अधिक दयेने वागवावे, अशी विनंती त्यांनी केली नाही. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत करा, ती सारेपट्टीबरोबर सरकारने वसूल करावी आणि महाराला सरकारने द्यावी, अशी ती योजना होती. म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कायदा उभा करायचा, की घेणाऱ्याला दारात उभे राहण्याची गरजच उरू नये. ते विधेयक तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने.

या चष्म्यातून आजच्या ॲपकडे पाहिले तर काय दिसते? काम कंपनीचे, पोट ग्राहकाच्या मर्जीवर. टीप तर मर्जीवर आहेच, पण रेटिंगही मर्जीवर आहे. तारे कमी पडले किंवा एखादी तक्रार गेली की आयडी ब्लॉक होण्याची धास्ती असते. मी हे बलुते आहे असे म्हणत नाही. बलुते जन्माने चिकटत होते. इथे मुलगा ॲप बंद करून घरी जाऊ शकतो, आणि या कामात सगळ्या जातींची मुले आहेत. सारखेपणा आहे तो मोबदल्याच्या रचनेत. ज्याने काम घेतले त्याच्यावरून देण्याची जबाबदारी सरकते आणि ती दारातल्या माणसाच्या चांगुलपणावर येऊन पडते.

ही रचना जगात नवी नाही. आपल्याकडच्या वाचकाला अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याची ओळख आहे, म्हणून तिथले एक उदाहरण देतो. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनगाड्यांत पोर्टर म्हणून घेतले. पगार तुटपुंजा, बाकी पोट प्रवाशांच्या टिपेवर. प्रवासी कुणाचे नाव विचारत नसत. मालकाच्या नावावरून सगळ्यांना 'जॉर्ज' म्हणत. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी संघटना बांधली आणि बारा वर्षे झगडून १९३७ साली कंपनीशी करार केला. करारात वाढीव पगार होता, कामाचे तास कमी केले होते. लढा चांगल्या टिपेसाठी नव्हता. त्याच अमेरिकेत २०१९ साली डोअरडॅश या कंपनीबद्दल असे उघड झाले, की ग्राहकाने टीप दिली की कंपनी आपल्या पदरची रक्कम तेवढी कमी करीत होती. ओरड झाल्यावर तिला पद्धत बदलावी लागली. ग्राहकाची दया मालकाच्या खिशात कशी जाऊ शकते, याचा हा धडा आहे.

आपल्या देशात या धंद्याला आणखी एक थर आहे, तो जातीचा. जेवण नेणारा हात कुणाचा, हा प्रश्न इथे आजही विचारला जातो. जून २०२२ मध्ये लखनौत एका रायडरने फिर्याद नोंदवली, की दलिताच्या हातचे अन्न नको म्हणून ग्राहकाने त्याच्यावर थुंकून त्याला मारहाण केली. पुढे १९ मार्च २०२४ रोजी झोमॅटोने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळा ताफा जाहीर केला. त्याचे रायडर हिरव्या कपड्यांत, बाकीचे नेहमीच्या लाल. मांसाहारी अन्न नेणाऱ्या पिशवीतून आपले अन्न येऊ नये, अशी या ग्राहकांची मागणी होती म्हणे. गदारोळ झाला. लाल कपड्यातल्या मुलांना सोसायट्यांच्या दारात अडवले जाईल, त्यांच्या जिवाला धोका होईल, हे लोकांनी दाखवून दिले. दुसऱ्या दिवशी कंपनीने कपड्यांचा भेद मागे घेतला. वेगळा ताफा ठेवण्याची कल्पना मात्र तेव्हा सोडली नाही. तो दुसरा दिवस म्हणजे २० मार्च. १९२७ साली याच तारखेला चवदार तळ्यावर आपल्या लोकांनी ओंजळीने पाणी घेतले. त्या परिषदेसाठी पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले होते. योगायोगाला अर्थ चिकटवू नये. पण शहाण्णव-सत्त्याण्णव वर्षांनीही अन्नपाणी कुणाच्या हातचे चालते यावरून एका मोठ्या कंपनीला गणवेशाचा रंग ठरवावासा वाटतो, ही वस्तुस्थिती योगायोग नाही.

मग करायचे काय? महाराष्ट्राला याचे उत्तर बाहेरून आणायचे कारण नाही. १९६९ साली इथेच माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या हमालांचीही अडचण हीच होती : आज या पेढीची पाठी, उद्या त्या पेढीची, मालक कोण ते सांगता येईना. कायद्याने वाट काढली. सरकार, मालक आणि कामगार यांचे मंडळ. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिधी, रजा, औषधपाणी द्यायचे. मालक एक नसला तरी कामगार कामगारच असतो, हे तत्त्व त्यात मान्य झाले. अंमलबजावणीत पुष्कळ भ्रष्टता शिरली, हे खरे. म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. १९२८ च्या विधेयकाशी याचे नाते वाचकांच्या लक्षात आले असेलच.

हेच तत्त्व आता हळूहळू ॲपच्या कामापर्यंत पोचते आहे. राजस्थानने २०२३ साली देशातला पहिला असा कायदा केला. कर्नाटकाने २०२५ साली केला. त्यात दर फेरीच्या मोबदल्यावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क आहे, आणि काम बंद करायचे तर लेखी कारण व चौदा दिवसांची पूर्वसूचना देण्याचे बंधन आहे. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची आहे. ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, अशी मर्यादा आहे. हे पाऊल आहे, पण अर्धे. संहिता या मुलांना पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेरचे मानते. म्हणजे विमा मिळेल, पण तासाला किमान किती, हे कुणी बोलणार नाही. न्यूयॉर्क शहराने २०२३ साली डिलिव्हरी कामगारांना तासाचा किमान दर बांधून दिला आणि ऑर्डरीची वाट पाहण्याचा वेळही त्यात धरला. वाट पाहणे हेही कामच आहे, हे वेसकराच्या वंशजांना पटायला वेळ लागू नये.

तेव्हा मागण्या अशा असाव्यात. फेरीचा दर आणि तो कसा ठरला ते मुलाला ऑर्डर घेण्यापूर्वी कळले पाहिजे. ग्राहकाच्या बिलावर, टिपेच्या ओळीच्या वर, मुलाला या फेरीचे किती मिळाले ती ओळ छापली पाहिजे. ॲप चालू असलेल्या प्रत्येक तासाला किमान दर पाहिजे, आणि त्यात रिकाम्या परतीच्या फेरीचे पेट्रोल धरले पाहिजे. महामार्गावरून वसाहतीपर्यंत सात-आठ किलोमीटर जाऊन तितकेच रिकामे परत येणाऱ्या माणसाला हा मुद्दा लांबलचक समजावून सांगावा लागत नाही. आयडी बंद करण्यापूर्वी माणसाने माणसाचे म्हणणे ऐकले पाहिजे.

आणि टीप? जरूर द्यावी. पावसात भिजून आलेल्या मुलाच्या हातावर वीस रुपये ठेवण्यात वाईट काही नाही. फक्त तेवढ्याने आपण मोकळे झालो, असे समजू नये. शिक्षक मित्रांनी वर्गात हे बिल फळ्यावर लिहावे आणि मुलांना प्रत्येक ओळीपुढे 'हे कुणाचे?' एवढे विचारावे. अर्थशास्त्राचा तो एक चांगला तास होईल. कार्यकर्त्यांनी संहितेखालच्या नोंदणीसाठी गावोगाव आणि वस्त्यावस्त्यांत मुलांना मदत करावी. नोंद नसलेल्या कामगाराचा हक्क कागदावरही नसतो. विद्यार्थ्यांनी, विशेषतः पाठीला पिशवी लावून शिकणाऱ्यांनी, आपल्या फेऱ्या, तास, पेट्रोल आणि मिळालेले पैसे रोज वहीत लिहून ठेवावेत. उद्या मंडळापुढे, कोर्टापुढे किंवा रस्त्यावर उभे राहायचे झाले तर दयेचे दाखले उपयोगी पडणार नाहीत. हिशेब उपयोगी पडेल.